नवी साधने आणि ग्रंथालयांचा सेवकवर्ग



नाशिकचे नाव घेताच गोदावरी, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती ग्रंथांची आहे. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली. या देशात पहिली प्रवासी आगगाडी धावली ती त्यानंतर १३ वर्षांनी. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. हे ध्यानात घेतले म्हणजे नाशिकच्या ग्रंथपरंपरेची प्राचीनता लक्षात येते.

ज्या संस्था इतका दीर्घ काळ टिकतात, त्यांच्या आयुष्यात साधने अनेकदा बदलतात. हस्तलिखित यादीच्या जागी छापील सूची आली, सूचीच्या जागी तालिका पत्रांचे खण आले, आणि आता त्या खणांची जागा संगणक व इंटरनेट घेत आहेत. साधन बदलले तरी ते चालविणारा माणूस मात्र तोच असतो. वाचकाच्या आणि पुस्तकाच्या मध्ये उभा असणारा हा माणूस म्हणजे ग्रंथालय सेवक होय. नवी साधने त्याच्या हाती देताना ती शिकविण्याची काय व्यवस्था केली जाते, यावरच त्या साधनांचे यशापयश अवलंबून असते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रशिक्षण आधी, विस्तार नंतर

या प्रश्नाचे एक जुने आणि उद्बोधक उत्तर नाशिक जिल्ह्याशीच नाते सांगणारे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे बडोदे संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेल्या माणसाचे अक्षरज्ञान टिकावे म्हणून गावोगाव ग्रंथालये उभी करण्याचे ठरविले. या कामासाठी त्यांनी १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. बॉर्डन यांनी लगेच दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९११ साली, ग्रंथालय सेवकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरविणारी फिरती ग्रंथालये हाही बडोद्याच्या योजनेचा भाग होता.

या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. केवळ इमारती बांधून आणि पुस्तके खरेदी करून महाराज थांबले नाहीत. ती पुस्तके हाताळणारा माणूस तयार करण्याचे काम त्यांनी अगदी प्रारंभीच हाती घेतले. त्या काळी तालिका पत्र हे नवे साधन होते, वर्गीकरणाची पद्धती नवी होती. शंभराहून अधिक वर्षांनंतर साधनांची नावे बदलली आहेत. परंतु माणूस आधी तयार झाला पाहिजे, हे सूत्र जसेच्या तसे लागू आहे.

स्वतंत्र महाराष्ट्र राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि तो १ मे १९६८ पासून अमलात आला. अ, ब, क आणि ड या वर्गांत विभागलेली शासनमान्य ग्रंथालये आज राज्यात अकरा हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकी मोठी ग्रंथालये शहरांत आहेत. पण बहुसंख्य ग्रंथालये लहान गावांतली असून त्यांपैकी अनेकांचा कारभार एकटा सेवक पाहतो. तोच दार उघडतो, तोच वृत्तपत्रे मांडतो, देवघेव पाहतो, वर्गणी घेतो आणि वर्षअखेरीस अहवालही लिहितो. त्याचे मानधन मोठे नाही. नव्या साधनांचा विचार करताना डोळ्यांसमोर हा सेवक असला पाहिजे.

साधनांमागील कल्पना

इंटरनेटवरील साधने पाहून काही जुन्या सेवकांच्या मनात भीती निर्माण होते. आपण आयुष्यभर शिकलो ते आता निरुपयोगी झाले, असे त्यांना वाटते. ही भीती अनाठायी आहे. १८७६ साली मेल्विल ड्यूई यांनी दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि १९३३ साली डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडले. पुस्तक कोणत्या विषयाचे, कोणाचे, कोठे ठेवलेले आणि कोणाकडे गेलेले, या चार प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयाने तत्काळ देता आली पाहिजेत, हाच त्या सर्व खटाटोपाचा हेतू होता. संगणकही हीच चार उत्तरे देतो. फरक एवढाच की, तो ती लवकर देतो आणि दूरच्या माणसालाही देतो.

अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाने १९६० च्या दशकात यंत्राला वाचता येईल अशा ग्रंथनोंदीचा नमुना तयार केला. त्यातील रकाने पाहिले तर तालिका पत्रावरील ओळीच तेथे क्रमांक घेऊन उभ्या असल्याचे दिसते. ग्रंथकार, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशन स्थळ, वर्ष, पृष्ठसंख्या आणि विषय हे तपशील तेच आहेत. ज्या सेवकाने वीस वर्षे तालिका पत्रे लिहिली, त्याला यातील निम्मे काम अगोदरच येत असते. त्याला शिकावयाचे आहे ते केवळ कळफलक आणि पडदा.

याच संदर्भात न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. २००० साल उजाडताना त्यांची जुनी संगणक व्यवस्था बंद पडण्याची शक्यता होती. महाग व्यवस्था विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ साली स्वतःसाठी नवी प्रणाली तयार करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि ती साऱ्या जगाला मोफत खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारतातील अनेक ग्रंथालये आज ती वापरतात. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली तयार केली आहे, तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘सोल’ ही प्रणाली महाविद्यालयांत परिचित आहे. तात्पर्य, प्रणाली मिळविणे ही आज मोठी अडचण उरलेली नाही. ती अर्थपूर्ण माहितीने भरणे ही खरी अडचण आहे.

मराठी ग्रंथांचा प्रश्न

ही अडचण मराठी ग्रंथालयात विशेष जाणवते. अलीकडच्या पुस्तकावर तेरा आकडी आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक असतो. तो टंकित केला की पुष्कळदा दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद समोर येते. परंतु हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० साली मान्य झाला. त्यापूर्वीच्या मराठी पुस्तकावर तो कोठून असणार? जुन्या वाचनालयांचे खरे धन तर त्या पूर्वीचेच. तेथे सेवकाला पुस्तक हाती घेऊन, मुखपृष्ठ आणि शीर्षकपृष्ठ तपासून स्वतः नोंद करावी लागते.

दुसरा प्रश्न ग्रंथकाराच्या नावाचा. नाशिककरांना तो समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. हे दोघे एकच आहेत हे नाशिकच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. संगणकाला मात्र ते कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. एका ग्रंथालयाने ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ अशी नोंद केली, दुसऱ्याने ‘शिरवाडकर वि. वा.’ अशी केली आणि तिसऱ्याने केवळ ‘कुसुमाग्रज’ असे लिहिले, तर यंत्राच्या दृष्टीने तीन निरनिराळे लेखक झाले. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी यांचेही तेच. नावांची अशी सांगड घालणारी ‘पाहा’ नोंद जुन्या तालिकेत असे. ती शिस्त नव्या साधनातही पाळली पाहिजे आणि ती पाळण्याचे ज्ञान सेवकाजवळच आहे.

तिसरा प्रश्न शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे सानुस्वार लेखन आढळते. ‘नाव’ असा शोध घेणाऱ्या वाचकाला ‘नांव’ असलेले पुस्तक सापडत नाही. या शहराचे नावही जुन्या ग्रंथांत ‘नासिक’ असे आहे. शोध घेताना दोन्ही रूपे वापरावीत आणि नोंद करताना शीर्षक मूळ पुस्तकातल्याप्रमाणे ठेवून आजचे रूप जोडनोंद म्हणून द्यावे, एवढी साधी सूचना जरी सेवकांना मिळाली तरी शेकडो पुस्तके पुन्हा वाचकांच्या दृष्टीस पडतील.

चौथा प्रश्न टंकाचा. संगणक प्रथम आले तेव्हा अनेक संस्थांनी आपल्या याद्या निरनिराळ्या खासगी टंकांत भरल्या. ज्या यंत्रावर तो टंक आहे तेथेच ती यादी मराठी दिसते. दुसरीकडे नेली की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला आहे. युनिकोडमध्ये टंकलेखन केले तर मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो आणि मुख्य म्हणजे शोधताही येतो. यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकणे श्रेयस्कर. तो ध्वनिक्रमावर आधारलेला असल्याने काही आठवड्यांच्या सरावाने हात बसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कळफलकावर कसा साधावा, इतक्या बारीक गोष्टींनाही मराठीत महत्त्व आहे, कारण चूक झाली तर समुद्राच्या जागी दऱ्या येतात.

शिकविण्याची रीत

आता ही साधने शिकवावी कशी? पुष्कळदा एक दिवसाचे शिबिर भरते. मोठ्या पडद्यावर चित्रे दाखविली जातात, सेवक टिपणे घेतात, प्रमाणपत्र घेऊन गावी परततात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनी वही उघडतात. यात दोष सेवकाचा नसतो. पोहणे काठावर बसून येत नाही.

अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली वेगळी रीत अवलंबिली. हेलेन ब्लोवर्स या ग्रंथालय अधिकारी महिलेने सेवकांसाठी इंटरनेटवरील तेवीस छोट्या गोष्टींची यादी केली. नऊ आठवड्यांत प्रत्येकाने त्या आपल्या सवडीने स्वतः करून पाहावयाच्या होत्या. परीक्षा नव्हती. ज्याला अडेल त्याने शेजारच्या सहकाऱ्याला विचारावयाचे. सर्व गोष्टी पूर्ण करणाऱ्यास संगीत ऐकण्याचे एक लहानसे यंत्र भेट मिळाले. ही योजना पुढे अनेक देशांतील ग्रंथालयांनी उचलली. त्या यादीतील कित्येक साधने आज बंद पडली आहेत. तरीही तो प्रयोग वाया गेला असे म्हणता येणार नाही. न घाबरता नवे साधन उघडून पाहण्याची सवय त्यातून सेवकांना लागली आणि साधन गेले तरी सवय राहिली.

नाशिक जिल्ह्यातील ग्रंथालयांना हीच रीत आपल्या गरजेनुसार योजता येईल. आठवड्याला एकच धडा आणि तोही रोजच्या कामावरचा, असा आठ आठवड्यांचा क्रम सहज बसविता येतो. पहिल्या आठवड्यात युनिकोडमध्ये रोज दहा ओळी टंकित कराव्यात; मजकूर आपल्याच दाखलनोंद वहीतला घ्यावा. दुसऱ्या आठवड्यात दहा नव्या पुस्तकांच्या नोंदी मानक क्रमांकावरून शोधाव्यात. तिसऱ्यात दहा जुनी पुस्तके घेऊन स्वतः नोंदी कराव्यात आणि नावांची सांगड घालावी. चौथ्या आठवड्यात मोफत ग्रंथ देणारी संकेतस्थळे पाहावीत. पाचव्यात वाचकाने विचारलेल्या एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावे. सहाव्यात मोबाईलने एखादे जीर्ण पान नीट टिपावे आणि अक्षर ओळखणाऱ्या साधनाने त्याचा मजकूर करून पाहावा. जोडाक्षरे कोठे चुकली ते हाताने दुरुस्त करावे. सातव्यात नव्या पुस्तकांची सूचना वाचकांच्या मोबाईलवर पाठवावी. आठव्या आठवड्यात हे सारे शेजारच्या गावच्या सेवकाला शिकवावे. शेवटचा धडा सर्वांत मोलाचा आहे, कारण शिकविल्याखेरीज शिकलेले पक्के होत नाही.

एका प्रश्नाचे उदाहरण

पाचव्या धड्याचा नमुना म्हणून एक प्रश्न घेऊ. एखाद्या शाळेतील विद्यार्थी येऊन काळाराम मंदिर सत्याग्रहाची माहिती मागतो. अनुभवी सेवकाला कपाट ठाऊक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चरित्रे तो काढून देतो. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला, ही तारीख तो विद्यार्थ्याला चरित्रात दाखवू शकतो. आता नवी साधने त्याच्या हाताशी असतील तर तो याहून पुढे जाऊ शकतो. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले असून ते इंटरनेटवर वाचावयास मिळतात. वाई येथून साकारलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. सत्याग्रहापूर्वीचे नाशिक कसे होते हे जाणून घ्यावयाचे असेल तर १८८३ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिक जिल्ह्याचा खंड पाहता येतो.

पण शोध ‘काळाराम’ असा घ्यावा की ‘काळा राम’ असा, ‘नाशिक’ लिहावे की ‘नासिक’, इंग्रजीत या शहराचे जुने स्पेलिंग कोणते, हे यंत्र विद्यार्थ्याला सांगत नाही. सेवक सांगतो. मिळालेल्या दहा उत्तरांपैकी कोणते विश्वासार्ह आणि कोणते ऐकीव, हा विवेकही त्याचाच. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र आहे. इंटरनेटच्या गर्दीत वाचकाचा वेळ वाचविणारा माणूस पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

प्रश्न टाकताच क्षणार्धात उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मोबाईलवर आली आहेत. पत्राचा मसुदा करणे, इंग्रजी मजकुराचा आशय मराठीत समजून घेणे, यादीची मांडणी करणे, अशा कामांत त्यांचे साहाय्य होते. तथापि, अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव ही साधने मोठ्या आत्मविश्वासाने सांगू शकतात. म्हणून त्यांनी सांगितलेला प्रत्येक ग्रंथ तालिकेत किंवा अन्य विश्वसनीय सूचीत पडताळून पाहावा, हा नियम पहिल्याच दिवशी शिकविला पाहिजे.

मोफत ग्रंथ आणि कायद्याची मर्यादा

मराठी वाचकांसाठी इंटरनेटवर आज मोठा ठेवा खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने मोफत उतरवून घेता येतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. गावातील ग्रंथालयात पाचशे पुस्तके असली तरी या मार्गाने तेथील वाचकाला हजारो पुस्तकांपर्यंत नेता येते.

तथापि, जे दिसते ते सारे घेण्याजोगे नसते. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालू राहतो. ही मुदत पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. याची दोन उदाहरणे नाशिकशीच निगडित आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिली. गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे २०११ च्या आरंभापासून ती कोणासही प्रसिद्ध करता येते आणि ग्रंथालयाने तिची प्रत वाचकाला पाठविण्यास आडकाठी नाही. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ साली झाले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत अबाधित आहे. त्यांच्या संग्रहाची पाने टिपून मोबाईलवरून शेकडो लोकांना पाठविणे हा कायद्याचा भंग होय, मग पाठविणाऱ्याची भक्ती कितीही मोठी असो.

वाचकांच्या माहितीबाबतही हीच दक्षता हवी. सदस्याचा पत्ता, मोबाईल क्रमांक आणि त्याने कोणती पुस्तके नेली याची नोंद ही त्याची खासगी बाब आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. सदस्यांची यादी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवू नये, संगणकाचा परवलीचा शब्द फलकावर चिकटवू नये आणि साऱ्या नोंदींची एक प्रत दर महिन्यास वेगळ्या जागी ठेवावी. दाखलनोंद वही मात्र कधीही बंद करू नये. वीज गेली, यंत्र बिघडले तरी वही उघडतेच.

खेड्यांतील सेवकाची अडचण

हे सर्व नाशिक शहरात जितके सुलभ तितके सुरगाणा किंवा पेठच्या डोंगराळ भागात नाही. तेथे मोबाईलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही आणि विजेचा भरवसा कमी. परंतु म्हणून तेथील सेवकाने नव्या साधनांपासून दूर राहावे असे नाही. तालुक्याच्या गावी गेल्यावर मोफत ग्रंथ एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटवाचून ते वाचता येतात. नोंदी वहीत नीट केल्या तर आठवड्यातून एकदा त्या संगणकावर चढविता येतात.

नवे साधन आले म्हणजे जुने टाकावे असेही नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून चालविलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या वस्तीत जाते. बडोद्याच्या फिरत्या पेटीची ही आजची भावंडेच होत. पेटीत काय आहे याची यादी मोबाईलवर कळावी आणि पुस्तक मात्र हातात पडावे, असा जुन्या-नव्याचा मेळ खेड्यातील वाचनाला सर्वाधिक मानवणारा आहे.

या मेळाची गरज २०२० साली तीव्रतेने जाणवली. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे ग्रंथालयांची दारे बंद झाली आणि ती उघडण्यास ऑक्टोबर उजाडला. ज्या ग्रंथालयांचा वाचकांशी मोबाईलवरून संपर्क होता, त्यांना या काळात वाचकांपर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग खुला राहिला. ज्यांच्या सदस्यांची नावे केवळ कुलूपबंद वहीत होती, त्यांना तोही उरला नाही.

सर्वांचे साहाय्य

सेवकाने शिकावे ही अपेक्षा योग्य आहे. पण शिकण्याची सोय करून देणे हे इतरांचे काम आहे. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने आठवड्यातून दोन तास सेवकाला शिकण्यासाठी मोकळे द्यावेत आणि ते कामाचे तास समजावेत. घरी जाऊन, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या खर्चाने शिक, असे अल्प मानधनाच्या माणसाला सांगणे न्याय्य नव्हे. प्रशिक्षणास जाण्याचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. ग्रामपंचायतीत सेवा केंद्राचा संगणक आणि इंटरनेटची जोडणी असेल तर आठवड्यातील एक वेळ ती ग्रंथालयाला उपलब्ध करून देण्याचा ठराव पंचायत सदस्यांना करता येईल. त्यास वेगळा निधी लागत नाही, इच्छा लागते.

शिक्षकांचा वाटा याहून वेगळा आहे. शाळेतील वरच्या वर्गातील मुले मोबाईल सफाईने हाताळतात. पुस्तकांचे जग त्यांना अपरिचित असते. ग्रंथालय सेवकाची स्थिती नेमकी उलट. शनिवारी अर्धा दिवस चार मुले ग्रंथालयात पाठविली तर मुले टंकलेखन करतील, सेवक त्यांना ग्रंथकार आणि विषय समजावून देईल. दोघेही परस्परांचे गुरू होतील आणि वर्षभरात गावच्या ग्रंथालयाची सूची तयार होईल. ज्यांना पुढे पद्धतशीर शिक्षण घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम नाशिकमध्येच आहे आणि तो नोकरी सांभाळून पूर्ण करता येतो.

अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी किती संगणक आहेत एवढेच न पाहता, त्यावर सेवक काय करतो हेही पाहावे. धूळ खात पडलेल्या चार यंत्रांपेक्षा रोज दहा नोंदी करणारे एक यंत्र अधिक मोलाचे. दिवसाला दहा नोंदी म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीन हजार नोंदी झाल्या. लहान ग्रंथालयाचा सारा संग्रह दोन-तीन वर्षांत सूचीबद्ध होऊ शकतो.

एका गोष्टीसाठी मात्र वेळ हाती थोडा आहे. कोणते दुर्मिळ पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कोणत्या टोपणनावामागे कोण लेखक आहे, गावातील कोणत्या घराण्याने आपला संग्रह कधी दिला, ही माहिती आज अनेक ठिकाणी केवळ वयस्क सेवकांच्या स्मरणात आहे. तो सेवक निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर निघून जाते. नवी साधने शिकविण्याची घाई करावयाची ती यासाठी. तरुण सेवकाला कळफलक येतो आणि ज्येष्ठ सेवकाला कपाट येते. दोघे एका संगणकासमोर बसले तरच ग्रंथालयाचे धन नोंदीत उतरेल.

ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे डॉ. रंगनाथन यांचे पाचवे सूत्र. ग्रंथालय वाढते ते कपाटांनी आणि यंत्रांनी, तसेच सेवकाच्या ज्ञानानेही वाढते. १८४० पासून नाशिकने जोपासलेली ग्रंथांची परंपरा नव्या युगात अखंड राहावी, असे वाटत असेल तर त्या सेवकाच्या शिक्षणाची चिंता शासन, संस्था, शाळा आणि पंचायत या सर्वांनी मिळून वाहिली पाहिजे. या कामाचा प्रारंभ कोणत्याही गावी, येत्या आठवड्यात, एका वहीतील दहा ओळींपासून करता येईल.